वीस मोजेपर्यंत

हत्ती सुरू झाला की आमच्या घरातलं बोलणं बंद व्हायचं, असं वाक्य मी आधी लिहिलं आणि लगेच खोडलं. ते खोटं आहे. बोलणं त्याच्या आधीच बंद झालं होतं. आई गेली आणि जाताना आम्हा बापलेकीतली सगळी वाक्यं सोबत घेऊन गेली. बाबांना मला काही सांगायचं असलं की ते आईला सांगत, मला बाबांना काही सांगायचं असलं की मी आईला सांगे, आणि ती मधल्या मध्ये स्वतःचं तिखटमीठ लावून ते पोचतं करी. तिच्या माघारी आम्ही दोघं एका घरात राहत होतो, एका भगोन्यातला भात खात होतो, आणि एकमेकांशी काय बोलायचं असतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा वीस वर्षांची होते. छत्तीसगढ राज्य नवं झालं होतं, बाबांच्या स्कूटरच्या नंबरप्लेटवर मात्र अजून एमपीच होतं.

बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये, लोखंड लाटणाऱ्या रोलिंग मिलमध्ये, क्रेनखालचे सिग्नलमन होते. वर छताशी क्रेन चालवणारा बसलेला, खाली बाबा, आणि मधे लाल तापलेलं लोखंड. एवढ्या आवाजात हाकेचा काही उपयोग नसतो, म्हणून सगळं हातांनी. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा खाली करून हलवला की उतरव. एक हात आडवा केला की थांब. दोन्ही हात आडवे पसरले की आहे तिथं थीज, मग काय वाटेल ते होवो. हा शेवटचा इशारा कोणीही देऊ शकतो, झाडूवालासुद्धा, आणि तो कोणी दिला हे न बघता पाळायचा असतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं. त्या आवाजानं बाबांचे कान गेले. समोर उभं राहून मोठ्यानं बोललं तर त्यांना समजतं, अशी आमची घरात समजूत होती, आणि आई जन्मभर त्यांच्यासमोर उभी राहून ओरडत राहिली. शेवटी कानांपायी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली, सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर गेलं, आणि आम्ही शहराच्या कडेला कुरुदला दोन खोल्यांच्या, प्लास्टर न झालेल्या आमच्या घरात आलो. प्लांटचा भोंगा तिथं फार बारीक ऐकू येई. बाबांना तोही येत नसे, पण सकाळच्या ए शिफ्टच्या वेळेला त्यांची पावलं आपोआप दाराशी जात आणि तिथून परत फिरत.

घराला लागूनच पत्र्याची शेड टाकून त्यांनी फर्निचरचं काम सुरू केलं. लाकडाचा नाद त्यांना पहिल्यापासून होता. क्वार्टरच्या परसात पेट्यांच्या फळ्यांपासून त्यांनी अर्ध्या गल्लीला दिवाण करून दिले होते. बाकी यंत्रं, विजेची आरी धरून, लहानसहान होती, पण एका बंद पडलेल्या कारखान्यातून त्यांनी जुनं भुसा ओढायचं यंत्र आणलं. दोन कापडी पिशव्या, वरची हवा गाळणारी, खालची भुसा साठवणारी, आणि पुढं जाडजूड लवचीक नळी. शेजारच्या दुलारीन दीदींच्या नातवंडांनी ती सोंड पाहून त्याला हत्ती म्हटलं आणि तेच नाव राहिलं. दुलारीन दीदी छत्तीसगढी, भुशाची शेगडी वापरणाऱ्या. दर शनिवारी येऊन पिशवीतला भुसा पोत्यात भरून नेत आणि बदल्यात कधी चेच भाजीची जुडी, कधी बेसनाची तळलेली ठेठरी ठेवून जात. आठवड्यात आमच्या घरात मोठ्यानं बोलणारं माणूस तेवढं एकच.

प्लांटमधून आलेला माणूस पाटीशिवाय काम सुरू करत नाही. बाबांनी शेडच्या भिंतीवर चुन्यानं नियम लिहिले. आधी हत्ती, मग आरी. आधी आरी बंद, मग वीस मोजून हत्ती. एका वेळी एकाच यंत्राची झडप उघडी. पिशवी अर्धी भरली की रिकामी. प्लग काढल्याशिवाय आत हात नाही. नळीभोवती त्यांनी तांब्याची तार गुंडाळून ती जमिनीत पुरली होती, कारण उन्हाळ्यात भुसा पळताना नळीला वीज धरते आणि चटका देते. हे सगळं मराठीत लिहिलं होतं. त्या वस्तीत मराठी वाचणारी माणसं आम्ही दोनच होतो, म्हणजे ती पाटी बाबांनी फक्त माझ्यासाठी लिहिली होती. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

हत्ती माझ्याकडे होता. बाबा आरीपाशी उभे राहत, मी भिंतीवरच्या हिरव्या बटणापाशी. त्यांनी बोट गोल फिरवलं की मी बटण दाबायची, हत्ती घोंगावायला लागायचा, नळी ताठ व्हायची, आणि मग आरी लाकडात शिरायची. जेवतानाही आमचं तेच चालायचं. बोट गोल फिरलं की भात वाढ, हात आडवा केला की पुरे. लाखोळीच्या वरणात मीठ जास्त पडलं तर मात्र क्रेनच्या इशाऱ्यांत त्याची सोय नव्हती, ते बाबा मुकाट्यानं खात. मास्क त्यांनी मला पहिल्याच दिवशी आणून दिला होता. आरी चालू असताना तो जरा नाकाखाली घसरला की ते स्वतःच्या नाकावर बोट ठेवून मला दाखवत, आणि मी तो वर ओढेपर्यंत लाकूड पुढं सरकवत नसत. पण मास्कचा नियम तेवढा भिंतीवर नव्हता.

आरी थांबल्यावर वीस मोजायचे, कारण नळीत अडकलेला भुसा पिशवीत जायला तेवढा वेळ लागतो. पहिले काही दिवस मी इमानदारीत मोजले. मग एकदा, का कोण जाणे, सातावर पोचले आणि मोजायच्या ऐवजी मोठ्यानं म्हणाले, "आज वरन करपलं." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मजा वाटली. दुसऱ्या दिवशी मास्क गळ्यात ओढून म्हणाले, "आई असती त मले इतके बोल लावले असते." तिसऱ्या दिवशी रडू आलं. त्यानंतर मी वीस मोजणं सोडूनच दिलं. आरी थांबली की मास्क खाली, आणि बोलणं सुरू. दुलारीन दीदींच्या सुनेबद्दल, विहारात रविवारी वंदनेला आता मला एकटीला बसावं लागतं त्याबद्दल, आईचं लुगडं अजून पेटीत आहे आणि त्याचा वास जाऊन राहिला त्याबद्दल. त्या वीस आकड्यांत मावेल तेवढं बोलायचं आणि बटण दाबून गप्प व्हायचं. बाबा आरीपलीकडे उभे असत, कधी माझ्याकडे बघत, कधी फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत. त्या वेळी त्यांनी नाकावर बोट कधी ठेवलं नाही. मला वाटायचं, आरी थांबली म्हणजे धोका संपला असं ते धरून चालत असतील. खरं तर डोळ्यांना दिसत नाही ती बारीक धूळ त्या वेळीच सगळ्यात जास्त तरंगत असते, आणि हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

आज माझ्या वर्कशॉपमध्ये कोणी पोरगा असा मास्क गळ्यात घालून उभा दिसला की मी पान्यानं टेबलावर ठोकते. पोरं मला खडूस म्हणतात. म्हणोत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नागपूरहून पत्र आलं. तिथल्या एका संस्थेत लाकूडकामाच्या डिझाइनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. मी गुपचूप अर्ज पाठवला होता आणि होस्टेलसकट जागा मिळाली होती. पाऊस लागायच्या आत हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. मी ते पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं. बाबांना सांगायला तोंड उघडायची आणि जेवायला वाढायची. मी गेले तर या माणसाला बोटानं भात मागायलाही कोणी उरणार नव्हतं. सांगितलं मी फक्त हत्तीला. रोज सांगितलं. "मले जाचं हाये. तुमाले एकटं टाकून कशी जाऊ, तुमीच सांगा." आणि एकदा, त्याची आजही लाज वाटते, "तुमच्यापायी माहा जलम ह्या भुशात जाऊन राहिला."

मेमधल्या एका शनिवारी दुलारीन दीदी माहेरी गेलेल्या, त्यामुळे भुसा नेला नाही. पिशवी गळ्यापर्यंत भरली होती. नियम भिंतीवर होता, मला तो दिसतही होता, पण माझं डोकं पत्रात होतं. हजर व्हायला आठ दिवस उरले होते. एका गिऱ्हाइकाला लोखंडी पायांचं टेबल हवं होतं आणि पायांची वेल्डिंगची टोकं घासायची राहिली होती. बाबा पॉलिश आणायला गेले होते. जाताना त्यांनी ग्राइंडरकडे बोट दाखवून मग अंगणाकडे दाखवलं होतं, म्हणजे लोखंड बाहेर घास. बाहेर मे महिन्याचं ऊन पत्रा वाकवत होतं. मी आतच बसले, आणि वर शहाणपणा केला, हत्ती सुरू करून त्याची सोंड ग्राइंडरच्या तोंडाशी धरली. ठिणग्या एका रेषेत नळीत जात होत्या आणि शेडमध्ये कणभर लोखंड उडत नव्हतं. मला फार स्वच्छ काम केल्यासारखं वाटलं. आमच्या गावात ठिणगीला कोणी भीत नाही. लोखंडावरच वाढलेली माणसं आम्ही, ठिणगी म्हणजे आमच्या घरात पगार आणणारी चीज. भीती वाटायला हवी होती ती भुशाची, पण भुसा बिचारा कोणाला काय करणार, असं मला वाटे.

बाबा आले, आम्ही जेवायला बसलो. रात्रीचा भात पाण्यात घातलेली बासी, कांदा, कैरीची चटणी. बाबा आंचवायला अंगणातल्या नळाकडे गेले आणि मी घराच्या बाजूच्या दारानं शेडमध्ये शिरले. आत धूर होता. ज्वाळा नव्हती, नुसता पिवळसर धूर, आणि हत्तीच्या खालच्या पिशवीवर बशीएवढा तपकिरी डाग, माझ्या डोळ्यांदेखत वाढणारा. माझ्या मनात एकच गोष्ट आली, धूर बाहेर काढायचा. आणि धूळ असो की धूर, ओढायचं म्हटलं की त्या शेडमध्ये पहिली गोष्ट कोणती? आधी हत्ती. आठ महिने हेच अंगात मुरलं होतं. माझा हात हिरव्या बटणाकडे गेला.

समोरच्या अंगणाच्या दारात बाबा उभे होते. दोन्ही हात आडवे पसरलेले, तळवे खाली.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी दचकून बटण दाबलंच असतं. त्या हातांपुढं माझं बोट बटणापासून चार बोटांवर जिथल्या तिथं थांबलं. पंखा सुरू झाला असता तर आतल्या निखाऱ्याला वारा मिळाला असता आणि ती अख्खी भरलेली पिशवी माझ्या तोंडावर फुटली असती. हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त एवढं समजलं की सिग्नल आला आहे.

बाबांनी हात न हलवता मान तिरपी करून मला घराकडे जायला सांगितलं. मग त्यांनी बाहेरून मेन स्विच पाडला, झाडांना पाणी घालायची झारी आणली आणि पिशवीवर बाहेरून हळूहळू पाणी सोडत राहिले. धार नाही, झटका नाही, कारण भुसा उधळला की तो हवेत पेटतो. झारीमागून झारी गेली. मग ओलं पोतं गुंडाळून, पट्टा सैल करून, एखादं झोपलेलं मूल उचलावं तशी ती पिशवी त्यांनी बाहेर नेली आणि अंगणात खड्ड्यात ठेवून पुन्हा भिजवली. त्यांच्या उजव्या मनगटाला फोड आला होता. मी त्यावर थंड पाणी ओतत बसले. वीज बंद होती, पंखा नाही, रेडिओ नाही, कुठं काही नाही. एवढी शांतता मी त्या घरात आधी ऐकली नव्हती.

मी खाली मनगटाकडे बघत होते. मग वर बघितलं आणि म्हणाले, "ग्राइंडर मी आत चालवला."

"हाव," बाबा म्हणाले.

मी पुटपुटले होते, ओरडले नव्हते. मला ते जरा उशिरानं कळलं.

"तुमाले आयकू आलं?"

"नाही." त्यांनी डाव्या हातानं माझ्या ओठांकडे बोट केलं. "दिसलं."

मग त्यांनी सांगितलं, नळाकडे बघत, तुकड्या-तुकड्यानं. "तीस वर्सं मिलमधी काढले. तेथं कोनाले आयकू येते? इशारा हाये, पन इशाऱ्यात समदं बसत नाही. क्रेनवाला वरतून बोले, मी खालतून त्याचे ओठ पाहो. आपोआप येते थे."

"मंग हत्ती चालू असताना मी जे..."

"समदं नाही. तू तोंड फिरवलं का नाही समजे."

"कधीपासून?"

"वरन करपलं तवापासून."

मला राग आला. लाज वाटायला हवी होती, ती नंतर आली. आधी रागच आला. आठ महिने मी भिंतीशी बोलते आहे असं समजून बोलले होते. "मंग तुमी बोलले कावून नाही?"

"मी बोललो असतो त तू बंद झाली असती," बाबा म्हणाले.

ते पुढं म्हणाले, "माही बी चूक हाये, करुना. तू मास्क खाली करे तवा मी बोट दाखवाले पायजे होतं. मिलमधी दुसऱ्याच्या पोराले मी असं करू देलं नसतं. पन मास्क लावला असता त ओठ नसते दिसले. मले आयकाचं होतं. तुह्या छातीत भुसा जाऊन राहिला, हे माईत असून बी मी उभा राहो."

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि बाबांनी सलग एवढी वाक्यं माझ्याशी पहिल्यांदा बोलली होती. मी त्यांच्या मनगटावर पाणी ओतत राहिले, तांब्या रिकामा झाला तरी.

"पिठाच्या डब्याखालची चिठ्ठी आन," ते म्हणाले. "मी वाचली नाही. तू सांगतलं तेवढंच माईत हाये."

मी आणली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी होती तशीच घातली. "मी वाट पाहत होतो," ते म्हणाले, "तू मशीन बंद असताना सांगशीन म्हून." मग म्हणाले, "जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर दोन नवीन ओळी होत्या. ठिणगी बाहेर. मास्क वीस मोजून होईपर्यंत. नवी पिशवी शिवून लावली आणि काम पुन्हा सुरू झालं. उरलेले दिवस मी मास्क खाली केला नाही. यंत्र बंद असताना बोलायचा आम्ही दोघांनीही प्रयत्न केला, तो फार काही जमला नाही. "मीठ जास्त झालं का?" "नाही, बराबर हाये." "तिकडं नागपूरले उन जास्त राहते." "इतकंच राहते." पण मी त्यांच्यासमोर बसून बोलायला लागले, ओरडणं सोडून दिलं. आईला हे कोणी सांगितलं असतं तर तिचा घसा वाचला असता. तिला त्यांनी का सांगितलं नव्हतं, हे मी विचारलं नाही. कदाचित तिचं ओरडणं त्यांना आवडत असावं.

निघायच्या दिवशी दुलारीन दीदींनी ठेठरीचा डबा दिला, आणि माझी बॅग घराच्या दाराशी ठेवलेली होती. बाबा सकाळपासून शेडमध्ये होते. मी निरोप घ्यायला दारात गेले तेव्हा ते फळी चिरत होते, बटण त्यांनी स्वतःच दाबलं होतं. फळी संपली, आरी थांबली. हत्ती घोंगावत राहिला. मला बघून ते आरीला वळसा घालून पुढं आले, माझ्याकडे तोंड करून उजेडात उभे राहिले, आणि त्यांनी मास्क गळ्यात ओढला.

मग ते बोलायला लागले. घाई न करता, एकेक शब्द नीट उच्चारत असावेत असे, मधे थांबून, मधे एकदा हसून, एकदा भिंतीवरच्या पाटीकडे बोट करून. मला एक अक्षर कळलं नाही. ओठ वाचता येत नव्हते मला, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं. मी नाकावर बोट ठेवायला हवं होतं, ठेवलं नाही. जुन्या सवयीनं मनात आकडे चालू झाले. वीस झाले, ते बोलतच होते. तीस झाले. चाळिसाच्या पुढं त्यांनी तोंड मिटलं, मास्क वर घेतला आणि बटण दाबलं.

"का म्हनत होते, बाबा?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले आणि माझी बॅग उचलली. "चाल, गाडीची येळ झाली."

बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हत्ती आता बोरसी वस्तीत माझ्या शेडमध्ये आहे, मोटर दोनदा बदलली, तांब्याची तार तीच आहे. पोरं विचारतात, सगळीकडे वीस मोजून बंद करतात, तुम्ही एवढा वेळ कशाला चालू ठेवता. मी सांगते, बारीक धूळ राहते. माझं सगळं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, करपलेल्या वरणापासून. त्यांचं मात्र माझ्याकडे एवढंच आहे, की ते त्रेचाळीस मोजेपर्यंत चाललं.